लॅटिनमधलं 'चाललंय आपलं'

मागच्या अंकात लॅटिनमधल्या बिनकर्त्याच्या क्रियापदांवर मी पाऊण पानाचं टिपण लिहिलं होतं. आटोपशीर लिहायला गेले आणि एक ढोबळ चूक करून बसले. ती एका वाचकांनी पकडली, खाली कबूल केली आहे. बाकी पत्रं इतकी आली की या खेपेला नेहमीच्या शंका बाजूला ठेवून सगळं सदर लॅटिनलाच देते. लॅटिनशी देणंघेणं नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण निम्म्याहून जास्त बोलणं मराठीबद्दलच झालं आहे.

प्रश्न : बाई, मी नाशिकला संस्कृत घेऊन एम.ए. करते आहे आणि हौस म्हणून घरीच लॅटिन शिकते. सीझरच्या उताऱ्यात 'पुग्नातुम एस्त' आलं. माझ्या इंग्रजी पुस्तकात त्याचा अर्थ 'इट वॉज फॉट' असा दिलाय. हे 'इट' म्हणजे कोण? मी वहीत 'ते लढले गेले' असं लिहिलं आणि तिथून पुढं जाववेना.
– विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : 'पुढं जाववेना' असं लिहिलंस तिथंच तुझं उत्तर तू देऊन टाकलंस. या 'जाववेना'कडे नीट बघ. मला जाववेना, तिला जाववेना, पोरांना जाववेना. माणसं बदलली, बाई-पुरुष बदलले, एकाचे दहा झाले, तरी क्रियापद जागचं हलत नाही. आपण शाळेत याला भावे प्रयोग म्हणायला शिकलो. क्रियापद कर्त्याला विचारत नाही, कर्माला विचारत नाही. आपलं तृतीयपुरुषी, नपुंसकलिंगी, एकवचनी रूप धरून बसतं.

'पुग्नातुम एस्त' हे तेच आहे. त्यातलं 'उम' म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन. लढणारे पुरुष होते, हजारोंनी होते, पण लॅटिन म्हणते 'उम'. तू संस्कृतची आहेस, तर तुला 'तेन सुप्तम्', 'बालैः हसितम्' आठवायला हवं होतं. पाणिनीचं 'नपुंसके भावे क्तः' (नुसती क्रिया सांगायची तर 'क्त' म्हणजे 'त' हा प्रत्यय, नपुंसकलिंगात) हे सूत्र तर याच घरातलं. आणि गंमत बघ, आपण ज्याला 'युद्ध' म्हणतो तो शब्दसुद्धा युध् धातूला क्त लावूनच आलेला आहे. 'युद्ध झालं' असं म्हणताना आपण जवळजवळ 'पुग्नातुम एस्त'च म्हणत असतो.

राहिलं ते 'इट'. ते लॅटिनमध्ये नाहीच. इंग्रजीला कर्त्याचं पान रिकामं ठेवता येत नाही. कुणी नसलं तर ती 'इट'ला आणून बसवते, पंगतीत पान रिकामं दिसू नये म्हणून वाढप्यालाच बसवतात तसं. लॅटिनमध्ये ते पान मांडलेलंच नसतं. मी लॅटिन शिकले वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, एका निवृत्त फादरांकडे, दर शनिवारी दोन तास. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "बाई, इंग्रजी बाहेर काढून या, चपलांबरोबर." मला तेव्हा तो विनोद वाटला होता. तुझ्या वहीतलं 'ते लढले गेले' वाचून पुन्हा आठवला.

आता तुझा उतारा. इसवी सनापूर्वी 58. बिब्राक्तेजवळ हेल्वेती लोकांशी सीझरची लढाई. या एकाच प्रकरणात त्यानं हे रूप तीनदा वापरलंय, ते तीनदा का, हे बघण्यासारखं आहे. आधी म्हणतो, बराच वेळ, नेटानं 'पुग्नातुम एस्त'. मग म्हणतो, सातव्या तासापासून संध्याकाळपर्यंत 'पुग्नातुम सित', तरी शत्रूची पाठ कुणाला दिसली नाही. (रोमन लोक तास उजाडल्यापासून मोजत, म्हणजे सातवा तास मध्यान्ह उलटल्याबरोबरचा.) आणि शेवटी, सामानाच्या गाड्यांपाशी रात्री उशिरापर्यंत पुन्हा 'पुग्नातुम एस्त'. कोण लढलं? दोन्हीकडचे. सीझरला इथं 'आमचे लढले' म्हणायचं नाही आणि 'ते लढले' असंही म्हणायचं नाही. दुपार, संध्याकाळ, रात्र, आणि मध्ये फक्त लढणं.

हे मराठीत कसं आणायचं? 'लढले गेले' तर अजिबात नको. व्याकरणाच्या पुस्तकात भावे प्रयोग सापडला म्हणून प्रत्येक वेळी भावे प्रयोगच वापरावा, असंही नाही. मराठीनं या कामासाठी एक वेगळाच कारखाना काढलाय, तो पुस्तकात या नावाखाली सापडत नाही: पळापळ, धावाधाव, शोधाशोध, फेकाफेक, ओढाताण, रडारड. पुढे 'झाली' किंवा 'सुरू झाली' जोडा, कोण हे सांगायची गरजच नाही. लॅटिन 'कुर्रितुर' म्हणते, आपण 'धावाधाव होते' म्हणतो. होरेस या रोमन कवीच्या पहिल्या सटायरमध्ये, म्हणजे उपहासकवितेत, वादळात सापडलेला व्यापारी सैनिकाचा हेवा करतो: त्याचं काय असतं, 'कोन्कुर्रितुर', आणि घटकाभरात एक तर मरण, नाही तर विजय. या 'कोन्कुर्रितुर'ला 'एकदा हातघाई झाली की' याच्याहून चांगलं मराठी मला अजून सुचलेलं नाही.

पण हा कारखाना सगळीकडे चालत नाही. तेरेन्तिउस या रोमन नाटककाराचं 'आन्द्रिया' हे नाटक इसवी सनापूर्वी 166 सालचं. त्यात एक म्हातारा बाप एका अंत्ययात्रेचं वर्णन करतो. त्याची एक ओळ अशी: आम्ही स्मशानात येतो, ती अग्नीवर ठेवली जाते, 'फ्लेतुर'. तीन क्रियापदं. पहिल्यात 'आम्ही' आहे. दुसऱ्यात ती आहे. तिसऱ्यात कुणीच नाही, नुसतं रडणं आहे. इथं 'रडारड होते' म्हटलं की सगळं मातीत गेलं. रडारडीला आपल्याकडे थोडी नावं ठेवल्याचा वास असतो. मी फादरांना 'रडू फुटतं' असं सांगितलं होतं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, चालेल. मला ते आजही पूर्ण पटलेलं नाही, कारण 'रडू फुटतं' म्हटल्यावर कुणा एकाचा चेहरा दिसतो आणि 'फ्लेतुर'मध्ये सगळा घाट रडतो. तुला सुचलं तर कळव.

एक धोक्याची खूण करून ठेव. मराठीत 'शिपायाने चोराला पकडले' हासुद्धा भावे प्रयोग. त्यात 'चोराला' हे कर्म आहे. लॅटिनमध्ये असं कर्म चालत नाही. क्रियापदाला सरळ कर्म असेल तर ते कर्मणीत कर्ता होऊन बसतं. म्हणजे या बाबतीत लॅटिन मराठीपेक्षा संस्कृतला जवळची. पाणिनीही क्रियापदाची भावे रूपं अकर्मक धातूंनाच देतो. पिणं, प्रेम करणं अशी सकर्मक क्रियापदंही कर्म सोडून दिलं की लॅटिनमध्ये या पंगतीला येतात: 'बिबितुर', पिणं चाललंय. आणि लढणारा सांगायचाच असेल तर 'आब' लावून सांगता येतो. सीझरच्याच पुस्तकाच्या तिसऱ्या भागात 'आब होस्तिबुस', म्हणजे शत्रूकडून, न डगमगता लढाई चालली होती असं आहे. पण अशी वाक्यं कमी.

प्रश्न : मागील टिपणात आपण 'प्लुइत' (पाऊस पडतो) हे कर्मणी रूपाचं उदाहरण म्हणून दिले आहे. माझ्या अल्प माहितीप्रमाणे ते कर्तरी रूप आहे. खुलासा व्हावा.
– निवृत्त मुख्याध्यापक, रत्नागिरी

उत्तर : सर, खुलासा कसला, चूकच आहे. 'प्लुइत' रूपानं कर्तरीच. 'तोनात' (गडगडतं), 'लूकेस्कित' (उजाडतं), 'आद्वेस्पेरास्कित' (सांजावतं) हीसुद्धा तशीच. यांना कर्ता नसतो, पण कर्मणीचा 'तुर'ही नसतो. मी 'कर्ता नाही' या एका खुंटीला दोन वेगळी वस्त्रं टांगली. फरक असा: 'पुग्नातुर'मध्ये (लढणं चालतं) लढणारे असतातच, फक्त सांगितलेले नसतात. प्लुइतमध्ये पाडणारा कुणी नसतोच. आपल्या 'उजाडलं', 'सांजावलं', 'गडगडतंय'ला जुन्या व्याकरणांत अकर्तृक भावे असं वेगळं नाव दिलंय, तेवढं जरी मी आठवलं असतं तरी घसरले नसते. रत्नागिरीत बसून पावसाच्या क्रियापदात चूक पकडलीत, हे मात्र शोभलं.

प्रश्न : 'त्याचा हेवा केला जातो' हे लॅटिनमध्ये 'इल्ली इन्विदेतुर' असं का? सरळ 'इन्विदेतुर' आणि 'तो' कर्ता असं का नाही? 'माझा हेवा केला जातो'ला 'इन्विदेओर' का म्हणत नाहीत?
– अनुवादक, पुणे

उत्तर : कारण लॅटिन माणूस कुणा'चा' हेवा करत नाही, कुणा'ला' हेवा करतो. 'इन्विदेरे'ला चतुर्थी लागते. कर्मणी प्रयोगात खुर्ची बदलायचा हक्क फक्त कर्माला. चतुर्थीतला माणूस कर्म नाही, म्हणून तो होता तिथंच बसून राहतो आणि क्रियापद बिनकर्त्याचं होतं: 'मिही इन्विदेतुर'. शब्दशः, मला हेवा केला जातो. याच रांगेत 'पार्केरे' (गय करणं), 'नोकेरे' (अपाय करणं), 'पेर्सुआदेरे' (पटवणं), 'क्रेदेरे' (विश्वास ठेवणं). 'नेमिनी पार्कितुर' म्हणजे कुणाचीही गय होत नाही. इथं पुन्हा बघा, मराठी किती सहज बोलते: गय होत नाही. 'केली जात नाही' असं म्हणायलाच नको.

विद्यार्थी याला लॅटिनचा लहरीपणा समजतात. पण पाणिनीनं क्रुध्, द्रुह्, ईर्ष्या, असूया या अर्थाच्या धातूंना, ज्याच्यावर राग त्याची चतुर्थी सांगितली आहे. 'रामाय ईर्ष्यति.' हेवा करायला दोन्ही भाषांना चतुर्थीच लागली. मला हे कळलं तेव्हा मी दुपारची झोप सोडून बसले होते, एवढं आठवतं.

आणि 'इन्विदेओर' म्हणतच नाहीत असं नाही. होरेस म्हणाला. काव्यकलेवरच्या पत्रात तो विचारतो: काटो आणि एन्निउस या जुन्या लेखकांनी आपल्या भाषेत नव्या शब्दांची भर घातली, मग मी थोडी भर घातली तर माझा हेवा का? आणि त्या 'माझा हेवा'साठी त्यानं नियम मोडून 'इन्विदेओर' लिहिलं. नवा प्रयोग करू द्या म्हणताना त्याच वाक्यात नवा प्रयोग करून दाखवला. अनुवादक आहात, त्याचा खोडसाळपणा तुम्हाला माझ्याहून जास्त कळेल. परीक्षेला बसणाऱ्यांनी मात्र होरेस व्हायला जाऊ नये.

प्रश्न : मी तीस वर्षं सरकारी कचेरीत टिपणी लिहिली. 'कळविण्यात येते की', 'कार्यवाही करण्यात यावी'. तुमचं टिपण वाचून वाटलं, म्हणजे आमची भाषा लॅटिनच की! रोमन लोकही जबाबदारी टाळायला असंच लिहीत का?
– निवृत्त कारकून, सातारा

उत्तर : तुमच्या प्रश्नानं हसवलंत. माझ्या निवृत्तिवेतनाच्या कागदांवर एकदा 'त्रुटी आढळून आली आहे' असा शेरा आला होता. कुणाला आढळली, कुठं आढळली, हे शोधण्यात चार महिने गेले. तेव्हा तुमच्या भाषेशी माझी जुनी ओळख आहे.

आधी व्याकरण थोडक्यात. 'बदली करण्यात आली', 'आदेश काढण्यात आला' यात क्रियापद बदली आणि आदेशाप्रमाणे बदलतं, म्हणजे ते कर्मणी. 'कळविण्यात येते की' यात 'की'च्या पुढचं सगळं वाक्यच कर्माच्या जागी. लॅटिनमध्ये त्याला जुळणारं 'नून्तिआतुम एस्त', कळवण्यात आलं. 'इतुर' (जाणं होतं), 'पुग्नातुर' यांच्या पोटात असं काहीच नसतं.

आता जबाबदारी. रोमन सरकारी भाषेचा एक अस्सल नमुना आपल्यापाशी आहे. बाक्खुस या मद्याच्या देवाच्या उत्सवांवर बंधनं घालणारा इसवी सनापूर्वी 186 चा सेनेटचा ठराव. काशाच्या पत्र्यावर कोरलेला, 1640 साली इटलीच्या दक्षिणेला तिरिओलो इथं सापडला, आज व्हिएन्नात आहे. सुरुवात कशी होते? दोन कॉन्सुलांची, म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची नावं, बापांच्या नावासकट. तारीख, ऑक्टोबरची 7. जागा, बेल्लोनाचं देऊळ. ठराव लिहिताना हजर असलेले तिघे, त्यांचीही नावं. मग: असं जाहीर करावं, असं त्यांनी ठरवलं. यातलं 'जाहीर करावं' बिनकर्त्याचं आहे, तुमच्या 'करण्यात यावी'ची थोरली बहीण. पण 'ठरवलं' कर्तरी आहे आणि विषय कुणी मांडला, लिहिताना कोण हजर होतं, त्यांची नावं कोरलेली आहेत. तुमच्या कचेरीनं नेमका तोच वरचा भाग गाळला.

बिनकर्त्याचं क्रियापद म्हणजे लपवाछपवी, असं मात्र मी म्हणणार नाही. व्हर्जिल या रोमन कवीच्या पहिल्या गोपगीतात मेलिबोएउस हा मेंढपाळ आपली जमीन सोडून निघाला आहे. फिलिप्पीच्या लढाईनंतर सैनिकांना वाटायला जमिनी काढून घेतल्या, त्या काळाची ही कविता. तो म्हणतो, सगळ्या शिवारात इतकं 'तुर्बातुर'. उलथापालथ चाललीय. काही पोथ्यांत इथं 'तुर्बामुर' आहे, म्हणजे 'आम्हाला उठवतात'. प्राचीन टीकाकार सेर्विउस म्हणतो, 'तुर्बातुर'च खरं, कारण 'तुर्बामुर' वाचलं तर ते थोड्यांपुरतं वाटेल, आणि हकालपट्टी तर सगळ्या मांतुआकरांची, म्हणजे व्हर्जिलच्या मुलखातल्यांची, होती. हे वाचलं की मला माझी एक विद्यार्थिनी आठवते. तिचं गाव धरणात गेलेलं. ती कधी 'आम्हाला उठवलं' म्हणायची नाही. 'गाव उठलं' म्हणायची. तिला कुणालाही वाचवायचं नव्हतं.

आणि माझी आजी. तिनं आजोबांना जन्मभर ना नावानं हाक मारली, ना चारचौघांत 'अहो' म्हटलं. 'चहा ठेवलाय, घ्यायचा ना?' 'आज लवकर निघायचंय वाटतं?' घरात बारा माणसं असायची, पण 'घ्यायचा ना' कुणाला हे कुणालाच विचारावं लागायचं नाही. तुमच्या 'कळविण्यात येते' मध्ये कर्ता कुणालाच माहीत नसतो आणि आजीच्यात सगळ्यांना माहीत असायचा. क्रियापदावरून हा फरक दिसत नाही, घरात जावं लागतं.

प्रश्न : माझे आजोबा काही वर्षं राशोलच्या सेमिनारीत होते, पाद्री न होताच परतले. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर 'सीक इतुर आद आस्त्रा' असं लिहिलंय. मी समजत होतो, 'तो ताऱ्यांकडे जातो'. तुमचं टिपण वाचून शंका आली.
– वाचक, मडगाव

उत्तर : शंका बरोबर आली. 'तो जातो' असतं तर 'इत' झालं असतं. 'इतुर' म्हणजे जातात, जायचं असतं, कुणीही जावं ते असं. धातू आपल्या ओळखीचा आहे, संस्कृतच्या 'एति'मधला 'इ'. मात्र भावे प्रयोग कुणी कुणाकडून उसना घेतलेला नाही. संस्कृत त्यासाठी 'य' वापरते, लॅटिन 'र'. हा 'र' जुन्या आयरिशमध्येही आहे, आणि आजच्या आयरिश व्याकरणात बिनकर्त्याच्या रूपाला चक्क 'मोकळं क्रियापद' म्हणतात. मला हे नाव फार आवडतं.

रोमन शिक्षकांनाही याचं कोडं पडायचं. पहिल्या शतकातला क्विन्तिलिआनुस व्हर्जिलचंच 'इतुर इन आन्तीक्वाम सिल्वाम' (जुन्या अरण्यात जाणं होतं) घेऊन विचारतो: याचं प्रथमपुरुषी रूप कुठून आणणार? क्रियापद 'मी'पासून चालवायची त्यांची रीत, आणि याला 'मी'च नाही. जोडीला त्यानं उदाहरण दिलंय तेही 'फ्लेतुर'च.

आता तुमच्या आजोबांची ओळ. व्हर्जिलच्या एनिआस या वीरावरच्या महाकाव्याच्या नवव्या सर्गातली. एनिआसचा मुलगा इउलुस लढाईत पहिल्यांदाच माणूस मारतो, बाणानं. ढगांत बसलेला अपोल्लो देव शाबासकी देतो: वा पोरा, ताऱ्यांकडे असंच जायचं असतं. 'असंच जायचं असतं' हे मी मुद्दाम लिहिलं. मराठीत वडीलधाऱ्यांचा हा खास बिनकर्त्याचा प्रयोग आहे. 'मोठ्यांना उलट बोलायचं नसतं.' 'अन्न टाकायचं नसतं.' कुणी टाकायचं नसतं? जो कुणी ऐकत असेल त्यानं. अपोल्लोचा 'इतुर' मला त्याच सुरातला वाटतो.

ही ओळ बोधवाक्य म्हणून फार फिरते. तिथं कुणी सांगत नाही की थोड्याच ओळींनंतर तोच अपोल्लो म्हाताऱ्याचं सोंग घेऊन खाली उतरतो आणि त्याच पोराला सांगतो, आता पुरे, लढाईत पडू नकोस. आजोबांनी वहीत तेही लिहिलंय का बघा. सेमिनारीतून परतलेल्या माणसानं दोन्ही ओळी वाचलेल्या असणार.

प्रश्न : 'नून्क एस्त बिबेन्दुम' म्हणजे 'आता दारू प्या' ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : 'आता प्यायला हवं.' आज्ञा नाही, 'निघायला हवं'सारखं. क्लिओपात्राच्या पाडावाची बातमी आल्यावरची होरेसची ओड. 1898 साली मिशेलिन टायरच्या जाहिरातीवर हीच ओळ छापली होती: टायरचा बनलेला माणूस खिळ्या-काचांनी भरलेला पेला उचलून हे म्हणतो. त्या टायरमाणसाचं नाव पुढं 'बिबेन्दुम'च पडलं. बिनकर्त्याच्या क्रियापदाला शेवटी कर्ता मिळाला, तोही रबराचा.

प्रश्न : बाई, मी सातवीत आहे. आई हे सदर वाचून दाखवते. रोमन लोक रस्त्यात भेटले की एकमेकांना काय म्हणायचे?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर : बाळा, सगळे काय म्हणायचे ते सांगता येणार नाही, पण प्लाउतुस नावाच्या नाटककारानं लिहून ठेवलंय ते सांगते. त्याच्या नाटकांत माणसं भेटली की विचारतात, 'क्विद आगितुर?' म्हणजे 'काय चाललंय?' यात 'तू' नाही, 'तुझं' नाही, अगदी आपल्यासारखंच. आणि उत्तरंही तशीच येतात. एक प्रेमात पडलेला, खिशात दमडी नसलेला पोरगा म्हणतो, 'आमातुर आत्क्वे एगेतुर आक्रितेर': प्रेम चाललंय आणि जोरदार कडकी चाललीय. दुसऱ्या एका नाटकात दोन गुलाम भेटतात. पहिला विचारतो, कसा आहेस? दुसरा म्हणतो, जमेल तसा. पहिला पुन्हा विचारतो, क्विद आगितुर? आणि दुसरा म्हणतो, 'वीवितुर.'

याचं मराठी तुला मी सांगायला नको. संध्याकाळी कट्ट्यावर कुणा आजोबांना 'काय चाललंय?' असं विचार, ते सांगतील.